तसबिरीच्या पाठीमागं

खोर सिद्राच्या जुन्या बाजारात, मासळीच्या शेडला पाठ लावून
माझं दुकान. रंधा, काच, खिळ्यांचे डबे,
आणि भिंतीला टेकून शेख. नऊ, दहा, ईदेला चाळीससुद्धा,
सगळे एकाच अंगरख्यात, एकाच अर्ध्या हसण्यात.
बँकेला पुरुषभर लागतो, सलूनवाल्याला वहीएवढा.

काच कापेपर्यंत गिऱ्हाईक बोलतं, शेखकडे बघत बोलतं.
गुलजमीन ड्रायव्हर म्हणतो, याच्या दवाखान्यात
माझ्या पोराच्या काळजाचं भोक बुजवलं, एक पैसा घेतला नाही.
कुंजप्पन म्हणतो, वाळूत गुलाब लावतो हा,
आमच्या खोलीत नळ दिवसाआड.
म्हणतो, आणि लगेच दाराकडे बघतो.
शाळेतल्या सुदानी बाई काही म्हणत नाहीत.
चकाकणारी काच नको, एवढंच. डोळे दिसत नाहीत.

आणि आवाज खाली गेला की समजावं,
आता 'तसल्यां'चं निघणार.

लाँड्रीवरच्या खोलीतल्या दोघांची तक्रार मजलिसीत गेली होती.
शेख काय बोलला?
एकजण म्हणतो, बोटांतली माळ थांबली.
दुसरा म्हणतो, थांबलीच नाही, तोच निकाल.
चहावाल्याचा चुलतभाऊ आत कॉफी ओततो,
त्याच्या मते शेख म्हणाला,
लावलेल्या दारातून मी डोकावत नाही.
न्हावी म्हणतो, छे, म्हणाला,
माझ्या किनाऱ्यावर घाण नको.
राजा बोले, दल हाले, असं आमच्याकडे म्हणतात.
इथं राजा काय बोलला कुणाला ठाऊक नाही,
आणि तिसऱ्या दिवशी दल हाललं.

दोघांतला एक नूरबख्श. लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा.
दुसऱ्याचं नाव कागदावर आलंच नाही.
दुसरा त्या रात्री दुकानात होता, बँकेची ऑर्डर होती,
सोनेरी पट्टीचा कोपरा काही केल्या जुळत नव्हता.

शेखवर नूरबख्शचा भारी जीव. 'आमचा म्हातारा' म्हणायचा.
एकदा धक्क्यावर गाडी थांबवून म्हाताऱ्यानं त्याला विचारलं होतं,
यंदा सुरमई आहे का?
एवढ्या एका प्रश्नावर तो चार वर्षं खूश होता.
विमानतळावर पोलिसाला म्हणाला म्हणे,
त्यांना कुणी नीट सांगितलंय का? आमचं, नीट?
मला राग आला होता ऐकून.
अजून येतो. कोणावर, ते ठरत नाही.

आजा माझा सावंतवाडीत गंजिफा रंगवायचा.
राजा काढायला दोन दिवस घ्यायचा, मिशी, छत्र, सगळं.
पाठीला मात्र एकच रंग फासायचा, राजाला आणि एक्क्याला तोच.
म्हणायचा, पाठ ओळखू आली तर खेळ बुडाला.

बँकेचा शेख तयार झाला तेव्हा मी पाठचा पुठ्ठा उचलला.
पासपोर्टच्या फोटोंसाठी गेलो होतो दोघं, एक पट्टी उरली होती.
त्यात नूरबख्शचे डोळे मिटलेले, आणि मी हसू दाबतोय.
ती आत सरकवली, शेखच्या डाव्या खांद्यामागं.
वर तपकिरी कागद, चिकटपट्टी, बारा खिळे.
मॅनेजरनं स्वतः उभं राहून टांगून घेतली.
आता रोज लोक आमच्यासमोर रांगेत उभे राहतात, पगार पाठवतात,
आणि रांगेतून शेखबद्दल बोलतात.

परवा बातमी फुटली, म्हातारा आजारी आहे.
गुलजमीन रडला. कुंजप्पनसुद्धा गप्प.
न्हावी हिशेब करत होता, मुलगा कसा निघेल,
कडक की त्याहून कडक.
मला खिळेच दिसत होते.
नवा आला की जुन्या तसबिरी उतरतात.
चौकट तीच ठेवायची, आतला बदलायचा, अशी इथली रीत.
बँकेनं घाईत दुसऱ्या कुणाला बोलावलं तर?

सलूनमधल्या वहीएवढ्या शेखसमोर बसलो होतो, गालाला साबण.
न्हाव्यानं विचारलं, तुझं काय मत?
म्हटलं, अल्ला त्याला उदंड आयुष्य देवो.
वस्तरा क्षणभर थांबला. आरशात त्यानं माझ्याकडे पाहिलं.
इतकं मनापासून कुणी म्हणत नाही.