उघडाबंब

जीनानच्या गल्लीत पारा चाळीसवर,
आणि गुओ पेइलिन बुटक्या स्टुलावर उघडेबंब,
पोटावर कलिंगडाचं एक बी चिकटलेलं.
माझ्या दंडावर लाल पट्टी, हातात
वाटायचे फुकट टीशर्ट. छातीवर दोन ओळी:
सभ्य माणसांचं
सभ्य शहर.

"आजोबा, चारचौघांत बरं दिसत नाही."
त्यांनी आधी सोंगटी हलवली, शह दिला.
मग म्हणाले, "पोलाद कारखान्याच्या भिंतीवर
बारा वर्षं मी असाच होतो, पोरी.
दोन मजली, रंगवलेला, भट्टीसमोर.
शाळेची मुलं रांगेनं बघायला यायची.
तेव्हा नाही कुणी शर्ट आणला."

समोरचा खोकला. "तेव्हा पोट नव्हतं."

सगळे हसले, तेही.
टीशर्ट घातला, आणि लगेच
खालून गुंडाळत नेला छातीपर्यंत.
सभ्य शहर चुण्यांत गेलं.
उरलं 'सभ्य माणसांचं',
आणि त्याखाली पोट.

मी वहीत लिहिलं: समज दिली.
माझ्या पाठीला नायलॉन चिकटलेलं, आत हुक रुतत होता.
वरच्या खिडकीत त्यांची बायको,
मनगटापर्यंत बाह्या,
पातेल्याच्या झाकणानं वारा घेत
खाली बघत होती.
माझ्याकडे की त्यांच्याकडे, कळेना.