चारात एक

अधिवेशनाचे दिवस. झिरो माइलला बॅरिकेड,
म्हणून संबोधनं ई-रिक्षा वळवली
मेयोकडून, रामझुल्यावरून, कॉटन मार्केटच्या गर्दीत.
दोन स्वेटर, कानटोपी, पायात बायकोचे लोकरी मोजे.
थंडी त्याच्या हाडांत शिरली
की आठ दिवस दवाखाना.
"नीट धरून बस, ताई. खड्डा हाये."

अकरावा आठवडा.
माझं सिकलसेलचं कार्ड पिवळं, अंकुशचंही पिवळंच.
आमच्यात पत्रिका बघत नाहीत.
रक्त बघायचं मात्र राहूनच गेलं.

डॉक्टरबाईंनी कागदावर चार गोल काढले,
एकात विळ्यासारखी वाकडी रेघ.
"चारात एक. आणि दर खेपेला, चारात एक."
आई तर निघताना म्हणाली होती,
"आपल्या घरचा एक होऊन गेला न बाप्पा,
आता कायले भेतं?"
चिठ्ठ्या पुन्हा डब्यात टाकतात, आई,
उचललेलीसुद्धा.

भिंतीवर पाटी:
मुलगा की मुलगी, येथे सांगितले जात नाही.
ते विचारायला मी आलेच नव्हते.
जे विचारायला आले होते
ते शब्दांत मांडलं असतं
तर बाहेर रिक्षात बसलेल्या माणसाचं नाव झालं असतं.

त्यालाच आत बोलावलं. सोबत आलेल्याची सही.
नात्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं, भाऊ.
बोटं सुजलेली, म्हणून अक्षर मोठं.

पोटावर गार जेल, मग सुई,
वारेचा एक कण.
पडद्यावर बोटाच्या दोन पेरांएवढं कुणीतरी
दचकल्यासारखं हललं.
मला संबोध दिसला, सहा वर्षांचा,
रात्रभर गुडघे पोटाशी,
मी तव्यावर फडकं तापवून देतेय, ते निवतंय, पुन्हा तापवतेय,
आणि पहाटे, कळ थोडी ओसरल्यावर, त्याचा पहिला प्रश्न:
"काल मॅच कोण जिंकलं?"

मेडिकल चौकात चहा.
ग्लास दोन्ही तळव्यांत धरून तो बसला,
प्यायला नाही.
"रिपोर्ट कधी?"
"आठ दिवसांनी."
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"तुह्या जागी असतो न, तर मीबी तपासलं असतं."
मग, ग्लासात बघत,
"पण मले कोणी इचारलं असतं,
तर मी आलो असतो."

मी काही बोलणार
तेवढ्यात एक म्हातारी आली, पिशव्या घेऊन,
जरीपटक्याला जायचं होतं तिला.
"बसा मावशी," तो म्हणाला.
"ताई, जराशी सरकून घे."