जाळरेषा

माघ संपत आला की आम्ही डोंगर झाडायला निघतो.
वाळपईच्या बाजारात हे सांगितलं तर लोक हसतात.
डोंगर? झाडता?
हो, खराट्याने.
वरच्या सड्यापासून खाली ओहळापर्यंत,
दोन पुरुष आडवे निजतील एवढी रुंद वाट,
तांबडी माती दिसेपर्यंत.

वही माझ्याकडे असते.
शाळा बंद झाली तेव्हा हजेरीची वही
आणि घंटेचा रुळाचा तुकडा
आम्ही परत दिला नाही.
मुलांची नावं संपतात त्याच्या पुढच्या पानावर
धाकू वरक, रत्नावती गावस, म्हाळू, फटी,
टेम्पोवाला इनास (फक्त रविवारी).
पोफळीवर औषध मारायचे पंप अकरा, पैकी दोन गळके.
कितीही धुतले तरी त्यांच्या पाण्याला
मोरचुदाची निळी झाक राहते.

धाकू वारा शिकवतो.
वारा अकरापर्यंत दरीत लोळत असतो, म्हणतो,
मग उठतो आणि डोंगर चढतो,
आग त्याच्या पाठुंगळीला.
दुपारी आगीच्या वर उभं राहायचं नाही,
वरून सख्ख्या भावाने हाक मारली तरी.
दिवेलागणीला तो खाली वळतो. तेव्हा भेटा त्याला.
हातात किंदळीची फांदी घ्यावी की कुमयाची
यावर मात्र दरवर्षी भांडण,
आणि दरवर्षी रत्नावती हाताला येईल ती तोडते.

त्या वर्षी ढोल वाजला तेव्हा
आम्हाला वाटलं, शिगम्याची तालीम.
दोन तास वाटत राहिलं.
म्हणून आता ढोल नाही, रुळाचा तुकडा.

चार रात्री डोंगराला लाल काठ होता.
हेलिकॉप्टर आलं, धरणाचं पाणी शिंपडून गेलं,
हळदीकुंकवाला गुलाबपाणी शिंपडतात तेवढं.
पाचव्या दिवशी वर गेलो.
काजूचा मोहोर काळा. भाटी लागणार नव्हती,
निरो नाही, उर्राक नाही,
मे महिन्यातलं कुणाचंच काही नाही.
आणि राखेत एक खवल्या मांजर,
अंगाचा गोळा करून, खवलान् खवला जागच्या जागी.
म्हाळूने उचललं
आणि ते किती हलकं आहे हे कुणाला सांगितलं नाही.
मला त्याच्या हातांवरून कळलं.

वनखात्याच्या कागदावर एक रकाना होता: कारण.
अक्षर बरं म्हणून लेखणी माझ्याकडे दिली.
बागायतीत पाला जाळायला
काडी कुणी ओढली होती ते मला माहीत होतं.
रत्नावतीला माहीत होतं. धाकूला तर
धुराच्या पहिल्या रेघेवरूनच कळलं होतं.
मी लिहिलं, अज्ञात.
सगळे ओहळाकडे बघत राहिले.

तेव्हापासून फटी सगळ्यांच्या आधी येतो.
चढाचा तुकडा त्याचा, न वाटता, न मागता.
पेज आली तरी रेषा संपेपर्यंत बसत नाही.
त्याची डावी भुवई परत उगवली नाही.
तिच्याबद्दल कुणी विचारत नाही,
आणि तोही टोपी पुढे ओढत नाही.

परवा त्याचा मुलगा पहिल्यांदा बरोबर आला,
नववीतला, खराटा उलटा धरणारा.
बाबा, आग लागते कशी?
दहाबारा खराटे एकदम हळू झाले.
फटीने वर बघितलं, माझ्याकडे, वहीकडे,
मग पोराच्या हातातला खराटा सुलटा केला.
लागत नाही, म्हणाला. लावतात.
कोण?
संध्याकाळी सांगतो. घरी.
आणि पाला ओढत वर गेला.

सांगितलं का, मी विचारलं नाही.
सोमवारी पोरगा परत आला एवढं खरं,
बापापासून जरा लांब, पण त्याच चढावर.

झाडलेल्या मातीवर मागे पानं पडतच असतात.
त्याला इलाज नाही. रविवारी पुन्हा.

वहीत आजची नोंद:
हजर सतरा. ओहळाकडची रेषा झाली, सड्याची अर्धी.
वारा आज पावणेअकरालाच उठला.
गळके पंप इनासकडे द्यायचे, वायसर बदलून आणेल.
नवीन नाव एक.