वखारीतली शिंक

निपाणीत कुणी रडलं तर कुणी विचारत नाही.
तंबाखूची चाळण हलली की
सगळ्यांचेच डोळे वाहतात.
म्हणून नवरा गेल्यावर चौदाव्या दिवशी
कामावर आलीस ते बरं केलंस,
असं अक्काताई म्हणाली.
माझे डोळे कोरडे.
त्या दिवशी, आणि पुढे सात वर्षं.

खाट उठायची. नव्या पोरी शिंकून बेजार,
मी त्यांच्यात भिंतीसारखी.
लेक म्हणायची, आई, आमटी अळणी झाली गं.
असेल, म्हणायचे, आणि वाटी संपवायचे.
मुकादम खूश : ही बाई खोकत नाही, बोलत नाही,
हिला दोन पोती जास्त द्या.

मग वखारीचा काटा बिघडला.
संकेश्वरहून इरगोंडा आला,
कानावर पेन्सिल, सायकलला वजनांची पिशवी.
म्हणाला, रिकामाच हाय की हो,
तरी अडीच किलो दाखवायलाय, बघा.
मी बघितलं.
कशाला बघितलं, काय की.

दोन दिवसांचं काम त्याने आठ दिवस पुरवलं.
रोज दुपारी विचारायचा, ऊट आतेनरी?
झालं, म्हणायचे मी मराठीत. झालेलं नसायचं.
त्याला कळायचं.
कुठल्या भाषेत कळायचं, ते मला विचारू नका.

आठव्या दिवशी त्याने डबा पुढे सरकवला.
जोंधळ्याची भाकरी, वर खर्डा.
आमच्या गावची मिरची, सावकाश हं.
मी मोठा घास घेतला.
आधी काहीच नाही.
मग कानाच्या पाळ्या तापल्या,
मग जीभ, जी तोंडात आहे हेच विसरले होते,
आणि शिंक.
एक. दुसरी. मग मोजता येईनात.
पोरी हसल्या. अक्काताईने चाळण खाली ठेवली.
तो घाबरून तांब्या घेऊन धावला, नीर, नीर कुडीरी,
आणि नाकाडोळ्यांतून नुसता पूर.
गोड नव्हतं हो ते. झोंबत होतं.

रात्री ट्रंकेच्या तळाचा सदरा काढून हुंगला.
तंबाखूच.
आणि त्याखाली, अगदी खाली, तो.
तेव्हा कुठे तो गेला.
लेक उठून बसली, काही न विचारता
माझ्या पाठीवर हात ठेवून राहिली,
आणि तिचा हात गरम आहे हे मला कळलं.

सकाळी काटा शून्यावर होता.
इरगोंडा सायकल पुसत होता, एकच चाक, पुन्हा पुन्हा.
मी पोतं उचललं.
जड होतं.
अगं बाई, म्हणाले,
केवढं जड आहे हे.