लोकरीचं तूप

ट्रेलोर म्हणतो, क्रीमबिम बायकांनी लावायचं.
आणि दार अर्धंच उघडतो,
डावा हात मला दिसू नये म्हणून.

दिसतोच.
स्वयंपाकघरातला कागदी रुमाल, वर वायरीची काळी चिकटपट्टी,
कडेनं वाळलेलं तांबडं.
मोटारीचं दार लागलं? नाही.
फाटक? नाही.
"कुत्री," तो म्हणतो. "नुसता पंजा ठेवला तिनं.
लाडानं."

कटॅनिंगपासून अकरा किलोमीटर खडीचा रस्ता.
फेब्रुवारी. वाळवंटाकडून येणारा वारा.
इथं तळ्याचा तळ तडकतो, कुंपणाचा खांब तडकतो,
चौऱ्याऐंशी वर्षांच्या कातडीचं काय घेऊन बसलात.

मी पट्टी भिजवते. वाट बघते. आणखी भिजवते.
कांद्यासारखा पापुद्रा सुटलाय,
ओल्या कापसानं त्याला हळूहळू जागेवर आणते,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण सारावं तसं.
तो खिडकीबाहेर टाकीकडे बघतो.

"चौदाव्या वर्षी डांबऱ्या होतो मी," तो टाकीला सांगतो.
"कातरताना मेंढीला लागलं की मोठी माणसं ओरडायची, डांबर!
मी डबा घेऊन पळायचो."
म्हणजे माझंच काम, मी म्हणते.
तो हसत नाही, पण हात सैल सोडतो.

"पुढं स्वतः कातरायला लागलो. दिवसाला दीडशे.
आणि हात? लोणी!
डोरीन नाचताना म्हणायची, तुझे हात पाद्रीबाबांपेक्षा मऊ."
कशानं? मी विचारते, ठाऊक असून.
"लोकरीनं. तूप असतं तिच्यात.
विजार काढून ठेवली तर उभी राहायची."

मी पिशवीतून ट्यूब काढते,
पाठीमागची मुंगीएवढी अक्षरं त्याच्या चष्म्यापाशी धरते.
तो वाचतो. चष्मा पुसून पुन्हा वाचतो.
लॅनोलिन.
"माझ्याच मेंढ्यांचं मलाच विकता होय!"

मग ऐकतो.
सकाळी एकदा, रात्री एकदा.
अंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच.
रगडायचं नाही, केस झुकतात त्या अंगानं हात फिरवायचा.
नडग्या विसरायच्या नाहीत; सगळ्यांत आधी त्याच फाटतात.
जखम भरेपर्यंत पट्टीच्या जवळ जायचं नाही.
"आणि पाठ?" तो विचारतो,
मग लगेच, "जाऊ दे. पाठीला कोण धडकतंय."
भिंतीवर एकच टोपी टांगलेली आहे, बायकी, गवताची.

दोन आठवड्यांनी फ्रिजवर जुनं हिशेबाचं पान.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
मेंढ्या मोजायचे तशा.
सोमवार कोरा.
सोमवारी काय झालं?
"सोमवारी राग आला होता."
बरं.
"झाकण उघडत नाही बोटांनी. पंपाची बाटली आण."
आणते.
"आणि हिनं चाटून टाकलं तर ती रेघ धरायची का?"

कुत्री टेबलाखालून बघते.
मी म्हणते, नाही धरायची. परत लावायचं.
तो पेन्सिल शोधतो, खोडायला.