काळा ठिपका

टूसॉन. एप्रिल संपायचाय, आणि पारा शंभरीला टेकलाय.
मिसेस हॅल्व्हर्सनच्या तलावाशी मी उकिडवा,
हातात नळी, नळीच्या तळाशी काळा ठिपका.
दुधाळ झालेलं पाणी वरून थेंबथेंब सोडायचं,
ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं, आकडा वाचायचा.
आज नळी पाव भरायच्या आतच तो बुडाला.

"क्लोरीन तर रोज टाकते, एफ्रेन,
तरी भिंती हिरव्या कशा?"

स्टॅबिलायझर म्हणजे छत्री, मॅडम.
नसली, तर ऊन दुपारपर्यंत सगळं क्लोरीन पिऊन टाकतं.
फार झाली, तर क्लोरीन तिच्याखालीच बसून राहतं,
कामाला हात लावत नाही.
आणि पाणी उडून जातं, हे उडत नाही.

वॉल्टर दर रविवारी
तरंगत्या डब्यात तीन गोळ्या टाकायचा.
अकरा उन्हाळे.
हे मी बोललो नाही. तिने मनात हिशेब केला असावा.

"गाळून निघणार नाही?"
नाही.
"काही औषध?"
अर्धं पाणी सोडायचं. नवं भरायचं.

डबा कोपऱ्यात भिंतीला ठेचकाळत होता,
पिवळं बदक, एक डोळा उन्हाने पुसलेला.
"अर्धंच ना?"
अर्धंच.

पंप लावला, पाईप ड्रेनेजच्या तोंडात खोचला.
ती वरच्या पायरीवर बसली, पावलं पाण्यात.
पाणी उतरलं,
तशी तीही एक पायरी खाली सरकली,
मग आणखी एक.