जेवणाच्या टेबलावर नागभीड

दुपारी पारा शेहेचाळीसवर होता.
रात्री अकराला तो उतरला असं मोबाइल म्हणतो,
भिंती म्हणत नाहीत.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं,
परातीत जुनी उशीची खोळ अंथरली
आणि हेमराजचं इंजिन
पाठीवर निजवलं.

"हात नको लावजो त्याले,"
बिलासपूरला जाताना म्हणाला होता,
बदलीच्या कागदांपेक्षा जास्त काळजीनं.
नागभीडची छोटी गाडी बंद झाली त्या साली
त्यानं हे केलं.
चाकं, मोटर कुठल्याशा जर्मन इंजिनाची,
वरचं तपकिरी कवच घरीच कापलेलं,
खिडक्या ब्लेडनं.
हेडलाइट म्हणजे माझ्या नाकातल्या चमकीचा खडा.
तो हरवला नव्हता, हे मला आज कळतंय.

चार वर्षं लंगडतंय हे.
दर फेऱ्याला एकदा, टक्.
तो म्हणायचा, उमरेडच्या पुढे रूळच तसा होता.
मी बावीस वर्षं विजेचे मीटर तपासते.
खोटं बोलणारी वस्तू मला आवाजावरून कळते.

चार स्क्रू.
आरशावरच्या टिकल्या काढून आणल्या,
एकेकीच्या गोंदावर एकेक चिकटवला.
कवच उचललं.
कूलरच्या वाळ्याचा एक तंतू आसाभोवती
सात वेढे घेऊन बसला होता,
भुवयांच्या चिमट्यानं सोडवला.
कम्युटेटर तव्यासारखा काळा.
स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीनं घासत राहिले
खालचं तांबं दिसेपर्यंत.
ब्रश झिजून मसुरीएवढे,
मिक्सरचे आणून पॉलिश पेपरवर घासले, बसवले.
आणि दातेरी चाक: तडकलेलं.
उमरेडच्या रुळाचा काही दोष नव्हता.

नवं चाक इतवारीतल्या घड्याळवाल्या बोंद्रेंकडचं.
कशाले पाह्यजे, असं त्यांनी विचारलं नाही,
फक्त दात मोजले, दोनदा.
शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर मावेल तेवढंच.
मोटरच्या बुडाशी एक कळकट कागद दाबलेला होता.
कचरा. फेकला.

बटण फिरवलं.
मोटर गुरगुरते, चाकं ढिम्म.
मीटर लावला. व्होल्ट आहेत, करंट आहे,
सगळं आहे, चाल नाही.
काऊन बाप्पा?
एक वाजला. मानेवाड्याची कुत्री भुंकून भुंकून थकली.
मोटर बोटानं उचलून धरली,
केसभर,
आणि चाकं फिरली.

कागद.

मग मी, मीटर विभागातली वरिष्ठ तंत्रज्ञ,
केराच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला,
कांद्याच्या सालींत, चहाच्या चोथ्यात.
सापडला. उलगडला.
इतवारी स्टेशनचं फलाट तिकीट,
चढायला नाही, नुसतं बघायला गेलेल्या माणसाचं.
तारीख पुसलीय, पण मला पाठ आहे.
त्या रात्री तो न जेवता झोपला होता.

तीन पदरी घातला तर मोटर ढिली.
पाच पदरी घातला तर कचकते.
चार पदर. त्याचेच.
अंदाजानं केलेलं, आणि माझ्या मापात बसलेलं.
हे मला त्याला सांगायचं नाहीये.

कागद तव्यावर सुकवून परत ठेवला.
टिकल्यांवरून स्क्रू सुटत गेले,
एक टिकली बोटालाच राहिली.

निघालं.
मिठाच्या डबीला वळसा, मग लोणच्याची बरणी,
टक् नाही,
इतकं गप्प की कूलर मोठ्यानं ऐकू आला.
फक्त उलटं चाललंय.
दोन तारांची अदलाबदल झाली माझ्या हातून:
पुढे म्हटलं की मागे येतं,
चमकीचा खडा आलेल्या वाटेकडे तोंड करून.

सोल्डरची इस्त्री तापायला पाचच मिनिटं.
शनिवारी तो येतोय, इंटरसिटीनं.
राहू दे.
तो दोन फेऱ्या बघेल, हनुवटी खाजवेल,
आणि म्हणेल,
परतताना ते असंच येत जाय.